परदेश नावाची मोकळीक

जुन्या चित्रपटांच्या प्रभावाखाली तरुण मन प्रणयाची आणि परदेशवासाची जी दिवास्वप्ने रंगवते, त्यांची संभावना आपली समीक्षा बहुधा ‘पलायनवाद’ या एका शब्दात करीत आली आहे. हा शब्द अपुरा आहे. कारण पळणारा कशापासून पळतो, हा प्रश्न तो विचारीत नाही. सर्जनशील लेखक आणि दिवास्वप्न यांविषयीच्या १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात फ्रॉइडने असे निरीक्षण नोंदवले आहे की, मूल आपला खेळ लपवीत नाही; प्रौढ माणूस मात्र दिवास्वप्नांची लाज बाळगतो आणि ती दडवून ठेवतो. चित्रपटगृहाच्या अंधारात हीच दडवलेली गोष्ट शेकडो माणसे एकत्र बसून पाहतात. तिच्या आशयाचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

‘संगम’ (१९६४), ‘लव्ह इन टोकियो’ (१९६६) आणि ‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’ (१९६७) हे चित्रपट परकीय चलनाच्या टंचाईच्या काळातले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. सामान्य प्रेक्षकासाठी पॅरिसचा रस्ता तिकीटखिडकीपाशीच सुरू होई आणि तेथेच संपे. तथापि, या चित्रपटांत त्या शहरांचे लोकजीवन फारसे येत नाही. ‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’ची नायिका संपत्तीवर डोळा ठेवणाऱ्या तरुणांना कंटाळून खऱ्या प्रेमाच्या शोधात पॅरिसला जाते आणि तेथे तिला भेटतो तो भारतीय तरुणच! मग इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे ते आप्तेष्टांची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर जेथे पोहोचत नाही अशा जागेचे. या चित्रपटांतील परदेश हे अशा मोकळिकीचे नाव आहे.

‘संगम’ ही मोकळीक किती तात्पुरती आहे, हेही नकळत सांगून जातो. पॅरिसच्या हॉटेलातील खोलीत पतीसमोर थट्टेने नाचणारी राधा ही त्या चित्रपटातील सर्वांत मुक्त राधा. मायदेशी परतल्यावर एक जुने पत्र सापडते आणि ती पुन्हा संशयाच्या पिंजऱ्यात उभी राहते. परदेश ही तिला मिळालेली रजा होती, हक्क नव्हता.

बेंगळुरूमध्ये या स्वप्नाला घरचाच भूगोल लाभला. १८०९ साली वसलेली लष्करी छावणी आणि जुनी पेठ यांचा कारभार १९४९ पर्यंत वेगळा होता. पेठेत वाढलेल्या तरुणाला छावणीचा रस्ता ओलांडणे हेच अर्धे परदेशगमन वाटावे, अशी ही रचना. महात्मा गांधी रस्त्यावर १९३६ साली उभे राहिलेले ‘प्लाझा’ चित्रपटगृह इंग्रजी चित्रपटांसाठी ओळखले जाई; पुढे ते पाडले गेले आणि तेथे मेट्रोचे स्थानक आले.

याच शहरात १९५० साली एका मराठीभाषक कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड येथे बस कंडक्टर होते. रजनीकांत या नावाने ते १९७८ च्या ‘प्रिया’ या तमिळ चित्रपटातून सिंगापूरला पोहोचले. त्याच वर्षी ‘सिंगापूरनल्ली राजा कुळ्ळ’ हा परदेशात चित्रित झालेला पहिला कन्नड चित्रपट आला. सिटीबसमधून सिंगापूरपर्यंतचा हा प्रवास स्वतःच एक दिवास्वप्न भासतो. परंतु ‘प्रिया’चे कथानक सावध आहे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता असलेल्या सुजाता यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात नायिका स्वतःच चित्रतारका आहे आणि तिची मिळकत व तिचे लग्न यांवर ताबा सांगणारा निर्माता सिंगापूरलाही तिच्या सोबत आहे. लोकांसाठी स्वप्न घडवणाऱ्या स्त्रीलाच परदेशात मोकळीक नाही, हा त्यातील विरोधाभास सिंगापूरच्या झगमगाटात हरवू नये.

या परंपरेला खरा प्रतिसाद मिळाला तो गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये (२०१२). पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते, तेथे एका फ्रेंच माणसाला ती आवडू लागते. जुन्या चित्रपटाची सारी सामग्री येथे हजर आहे. शशी मात्र त्या प्रेमाने सुखावूनही ते स्वीकारीत नाही. तिला हवा आहे तो आदर, आणि तोही आपल्या घरच्या माणसांकडून. राधा परत येते आणि मोकळीक गमावते; शशी परत येते ती मोकळीक बरोबर घेऊन.

आज बेंगळुरूच्या कितीतरी घरांतील मुले परदेशी स्थिरावली आहेत. तरीही ती जुनी गाणी पाहून कोणी हरवून जात असेल, तर त्याचे कारण पासपोर्टच्या पलीकडचे मानावे लागेल. ज्या समाजात आपल्या माणसाचा हात धरून रस्त्यावरून चालण्यासाठी अजूनही दूरच्या शहराची कल्पना करावी लागते, त्या समाजाविषयीची तक्रार या दिवास्वप्नांत नोंदलेली असते. समीक्षेने स्वप्न पाहणाऱ्याला हसण्यापूर्वी ती तक्रार वाचावी.