आदिवासीविरोधी पूर्वग्रह आणि महाविद्यालयीन अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या फैजपूर, यावल, रावेर परिसरातील महाविद्यालयांत तडवी, पावरा व भिल्ल समाजांतील विद्यार्थी शिकतात. मराठीच्या वर्गात ‘आदिवासी साहित्य’ हा घटकही आता अपरिचित राहिलेला नाही. तथापि आदिवासींविषयी शिकविणे आणि आदिवासींविषयीच्या पूर्वग्रहाविरुद्ध शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपण करतो आणि तिच्यातच दुसरी साधली असे मानतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

उत्तरपत्रिकेतील ‘ते’ :

‘आदिवासी साहित्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा प्रश्न. काही वर्षांपूर्वी एका अंतर्गत परीक्षेत एका तडवी विद्यार्थिनीने त्याचे उत्तर लिहिले होते : आदिवासी हे भोळे, निसर्गपूजक व अज्ञानी असतात, ते डोंगरात राहतात, त्यांना मुख्य प्रवाहात आणणे आवश्यक आहे. उत्तर मार्गदर्शक पुस्तकाबरहुकूम होते. मी त्याला चांगले गुण दिले. पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की त्या मुलीने स्वतःच्या आई-वडिलांविषयी ‘ते’ असे लिहिले होते आणि तसे लिहिल्याबद्दल मी तिला गुण दिले होते.

दोष त्या विद्यार्थिनीचा नाही. आपल्या प्रश्नाची रचनाच अशी आहे की उत्तर देणाऱ्याने आदिवासी समाजाबाहेर उभे राहूनच बोलले पाहिजे. वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा आशय नेमका हाच आहे. ज्यांचे दुःख आहे ते व्यासपीठाखाली राहतात आणि वर बसलेले त्यांना त्यांचेच दुःख समजावून सांगतात. ही कविता आपण शिकवितो, तिच्यातील ‘विद्रोह’ हा मुद्दा फळ्यावर लिहितो; मात्र ती ज्या व्यासपीठाविषयी बोलते त्यावर त्या क्षणी आपणच उभे असतो, याची नोंद घेत नाही. शहाद्याच्या श्रमिक संघटनेत काम केलेल्या कवीची कविता अशा रीतीने पाच गुणांच्या टिपेपुरती उरते.

‘भोळा’ आणि ‘लुटारू’ :

‘भोळे’ हे विशेषण आपल्याला सहानुभूतीचे वाटते. खानदेशचा इतिहास पाहिला असता त्याचे दुसरे टोक दिसते. कंपनी सरकारच्या दप्तरात भिल्ल प्रामुख्याने ‘लुटारू’ म्हणून येतो. १८२५ मध्ये जेम्स आऊटरामने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारल्यानंतर तोच भिल्ल ‘सुधारलेला’ व ‘इमानी’ ठरतो. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक व भीमा नाईक उठाव करतात तेव्हा तो पुन्हा ‘लुटारू’ होतो. या सर्व वर्णनांत एक गोष्ट समान आहे. आदिवासी माणूस परिस्थितीचा विचार करून निर्णय घेऊ शकतो, हे त्यांपैकी एकही वर्णन मान्य करीत नाही. भोळेपणाचे कौतुक आणि चोरीचा संशय ही एकाच दृष्टीची दोन रूपे होत. वर्गात पहिले रूप शिकून बाहेर पडलेला पदवीधर पुढे कारकून, तलाठी, परिचारिका किंवा पोलीस शिपाई होतो आणि खिडकीपलीकडच्या पावरा माणसाशी बोलताना वयाचा विचार न करता ‘अरे-तुरे’वर येतो. अशा वेळी आपला घटक निष्फळ ठरला, असेच म्हणावे लागेल.

संस्था आणि तिची नजर :

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार कुटुंबीयांनी केली आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा नोंदविला गेला. दोषनिश्चिती हे न्यायालयाचे काम होय. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाविषयी थोरात समितीने २००७ मध्येच अहवाल दिला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या विनियमांत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली होती. तरीही २०१९ मध्ये रोहित वेमुला व पायल तडवी यांच्या मातांना या तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नियम कागदावर होते. ते ज्यांनी राबवावयाचे, त्यांची नजर घडविणारे शिक्षण मात्र नव्हते.

या संदर्भात न्यूझीलंडचे उदाहरण उद्बोधक आहे. माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली आणि १९९२ पासून ती तेथील परिचर्या शिक्षणाचा भाग झाली. तिचा गाभा असा की परिचारिकेने माओरींच्या चालीरीती पाठ करण्यापेक्षा स्वतःची सत्ता व स्वतःचे पूर्वग्रह तपासावेत. आणि सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवावे. या अभ्यासक्रमावर तेथे मोठा वादही झाला. कॅनडात सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना आदिवासी इतिहास व वंशभेदविरोधी शिक्षण देण्याची शिफारस केली. तरीही सप्टेंबर २०२० मध्ये क्यूबेकमधील एका रुग्णालयात जॉयस एशाक्वान या आदिवासी महिलेला मृत्यूपूर्वी कर्मचाऱ्यांची अपमानास्पद भाषा ऐकावी लागली. तिने ती भ्रमणध्वनीवर चित्रित केली होती. शिफारस व प्रमाणपत्रे यांनी आपोआप नजर बदलत नाही, हा याचा बोध होय.

आपल्याकडे ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन साजरा होतो. पारंपरिक वेशातील नृत्याला टाळ्या पडतात. तोच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी खिडकीपाशी उभा राहतो तेव्हा त्याच्याशी कोण कसे बोलते, हे मात्र कोणी पाहत नाही. तडवी विद्यार्थ्याला तर नाव मुस्लिम आणि प्रवर्ग अनुसूचित जमातीचा कसा, याचा खुलासा वारंवार करावा लागतो. अभ्यासक्रमाची खरी सुरुवात या खिडकीपासून झाली पाहिजे.

काय करता येईल :

अभ्यासक्रम अभ्यासमंडळ ठरविते, हे खरे. परंतु प्रश्नपत्रिका, स्वाध्याय व प्रकल्प बऱ्याच अंशी आपल्या हाती असतात. ‘आदिवासींची वैशिष्ट्ये सांगा’ याऐवजी ‘या पाठात आदिवासींचे वर्णन कोण, कोणासाठी करीत आहे?’ असे विचारता येईल. विद्यार्थ्यांना तहसील, बसस्थानक, ग्रामीण रुग्णालय येथे कोणाला ‘अहो’ व कोणाला ‘अरे’ म्हटले जाते याची, कोणाचेही नाव न घेता, नोंद करावयास सांगता येईल. आंबापाणीची लढाई, १९७२ ची श्रमिक संघटना आणि २००६ चा वनहक्क कायदा हे एकाच सूत्रात शिकविता येतील. त्यांतून निर्णय घेणारा आदिवासी समोर येतो. या कामी आदिवासी कार्यकर्ते व लेखक यांना सत्कारासाठी नव्हे, तर मूल्यमापनासाठी बोलवावे.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. अशा चर्चेत वर्गातील आदिवासी विद्यार्थ्याकडे सर्वांच्या नजरा वळतील आणि तो अधिकच संकोचेल. म्हणूनच त्याच्याकडून अनुभवकथनाची अपेक्षा ठेवू नये. या अभ्यासक्रमात तपासला जावयाचा तो आदिवासी नव्हे, तर बिगरआदिवासी समाज व त्याच्या संस्था. त्यात प्राध्यापकही आले.

समारोप :

आदिवासी साहित्याचा समावेश ही आपल्या अभ्यासक्रमाची कमाई आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या अध्यापनात आदिवासी विद्यार्थिनीला उत्तीर्ण होण्यासाठी स्वतःला ‘ते’ म्हणावे लागते, ते अध्यापन पूर्वग्रहाचा निरास करीत नाही, त्याची उजळणी करते. पुढील सत्राची प्रश्नपत्रिका काढताना निदान हा एक प्रश्न आपण बदलू शकतो. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.