दहा अवतार आणि एक घसा

संगीतावर लिहायचं तर रागांची ओळख हवी, असं म्हणतात. मुलुंडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत जन्म काढलेल्या माणसाला दोनच राग ओळखता येतात : वरच्या मजल्याचा आणि खालच्या मजल्याचा. तेवढ्या अधिकारावर मी 'डिमॉनिक रेझरेक्शन' या मुंबईच्या मेटल बँडविषयी लिहायला बसलो आहे.

नावाचा अर्थ आसुरी पुनरुत्थान. साहिल मखिजा या तरुणानं २००० साली हा बँड काढला. थ्रॅश मेटलची घाई, डेथ मेटलची गुरगुर आणि ब्लॅक मेटलचा काळोख अशी ही झणझणीत मिसळ. गाणारा शब्द उच्चारत नाही, घशाच्या तळातून खरवडून काढतो. ड्रमवाल्याच्या दोन्ही पायांखाली पेडल असतं आणि ते पाय सुटलेली फास्ट लोकल पकडायला निघाल्यासारखे धावतात. भाचा मला म्हणाला, "मामा, शब्द कळले नाहीत तरी चालतं. तू आधी गिटार ऐक." मी म्हटलं, "अरे, ख्यालात तरी कुठे कळतात?" तेव्हापासून माझं आणि मेटलचं बरं जमतं.

पहिली तबकडी 'डीमनस्टीलर' त्याच साली आली. मग 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५) आणि 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०). या काळोखात कीबोर्डचा धूर भरपूर, आणि तो धूर नॉर्वेच्या बाजूनं आलेला. पण वादन उत्तरोत्तर घोटीव होत गेलं. २०१० साली लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकानं त्यांना आपल्या गोल्डन गॉड्स पारितोषिकांपैकी एक दिलं.

इकडे मात्र हारतुरे घेऊन कुणी उभं नव्हतं. मखिजानं ध्वनिमुद्रिकांची कंपनी स्वतःच काढली आणि तिच्यातून दुसऱ्या बँडांनाही वाट करून दिली. पुढे यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाचा पाककृतींचा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडचा हौशी नाटकवाला बँकेची नोकरी सांभाळून तालमीला जातो, त्यातलाच हा प्रकार. असुर जगवायचा तरी घरात भाजी शिजावीच लागते.

'द डीमन किंग'मध्ये (२०१४) असुर थेट स्वर्गावर चालून गेला. आणि २०१७ साली आला 'दशावतार'! मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार. एखाद्या भाविकाला वाटेल, पोरं सुधारली. तसं काही नाही. कोकणातला दशावतार ज्यानं पाहिला आहे त्याला ठाऊक असतं की, रंगमंचावर धुमाकूळ घालतो तो काळ्या वेषातला संकासुर, आणि पोरंटोरं झोप आवरून त्याचीच वाट पाहतात. असुरानं उच्छाद मांडल्याशिवाय देव अवतार घेतोच कशाला? सतरा वर्षं असुराची बाजू मांडलेल्या माणसालाच ही गोष्ट सांगायचा अधिकार पोचतो.

इथे सतार-तबल्याचे सूर येतात आणि धूर जरा विरळ होतो. नृसिंहाला तर हे संगीत अंगाबरोबर शिवल्यासारखं बसतं : अर्धी गुरगुर, अर्धा माणसाचा आवाज, दोन्ही एकाच घशात. पण वामनाची पावलंही तितकीच दणदणीत पडावीत, हे मला पटत नाही. आणि बुद्धापाशी आल्यावर तरी क्षणभर थांबावं की नाही? या मंडळींना वेग साधला, आवाज साधला. मौन अजून साधायचं होतं. आपल्या विलंबित लयीकडून एवढी एक गोष्ट उसनी घ्यायला हरकत नव्हती.

तरीही ही तबकडी मला मोलाची वाटते. नॉर्वेचा उसना काळोख परत करून आपल्या आजीच्या गोष्टींतला काळोख शोधायला या बँडला सतरा वर्षं लागली. माझ्या ओळखीच्या पुष्कळ कवींना तो सेवानिवृत्तीनंतरही सापडलेला नाही.