दार उघडं, पण बाहेर कोण पडतं?

‘ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे उच्च शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचेल.’ संशोधन प्रस्तावात हे वाक्य लिहायचा मोह तुम्हालाही होईल. त्याआधी हॅन्सन आणि राइख यांचा २०१५ साली ‘सायन्स’मध्ये आलेला शोधनिबंध वाचा. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ६८ ऑनलाइन अभ्यासक्रमांत कोण आलं आणि प्रमाणपत्र कुणाला मिळालं, हे त्यांनी तपासलं. अमेरिकेतले नोंदणी करणारे सरासरीपेक्षा सधन आणि शिकलेल्या वस्त्यांतले निघाले. नोंदणी केलेल्यांतही सुस्थितीतलेच जास्त प्रमाणात शेवटपर्यंत पोहोचले. शिकायला फी नव्हती, प्रवेश परीक्षा नव्हती. दरी मात्र राहिलीच.

निबंधाचं बळ कशात आहे? प्रवेश आणि पूर्तता या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्यात. मर्यादाही बघा. उत्पन्न वस्तीचं घेतलंय, व्यक्तीचं नाही. सधन वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणारा गरीब विद्यार्थी इथे सधनांतच जमा होतो. शिवाय डेटा अमेरिकेचा. त्यामुळे निष्कर्ष उचलून नंदुरबारला चिकटवू नका; उचलायची ती मोजण्याची पद्धत.

ती आपल्याकडे लावून पाहू. २०२१-२२ मध्ये देशाचं उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी गुणोत्तर २८.४ होतं, अनुसूचित जमातींचं २१.२. ही तफावत महत्त्वाची आहेच, पण हा आकडा फक्त नोंदणी सांगतो. पुढे काय झालं, ते नाही.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० घ्या. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. श्रेयांक जमा राहतात, परतही येता येतं. कल्पना चांगली आहे. हातात काहीच नसण्यापेक्षा प्रमाणपत्र बरंच. पण फी परवडेना म्हणून वर्षभरात कॉलेज सोडणारी मुलगी पूर्वी ‘गळती’त धरली जायची, आता ती ‘प्रमाणपत्रधारक’ ठरू शकते. तिची अडचण तीच, फक्त रकाना बदलला. असमानता कमी झाली की दिसेनाशी झाली, हे त्या रकान्यावरून कळणार नाही.

म्हणून या विषयावर काम करणार असाल तर तीन प्रश्न विचारा. बाहेर पडलेल्यांपैकी परत कोण आलं? त्या प्रमाणपत्रावर काम कोणतं मिळालं? बाहेर पडणं ही निवड होती की नाइलाज? पहिल्या दोघांची उत्तरं आकड्यांत मिळू शकतात. तिसऱ्यासाठी मात्र त्या मुलीशीच बोलावं लागेल.