दर्या आणि दऱ्या: मोबाईलच्या कार्यप्रणालीतील मराठी अक्षराचा विचार

जुहूच्या कोळीवाड्यात ‘दर्या’ हा शब्द नित्याचा आहे आणि मोबाईलवर तो लिहिताना अडचण येत नाही. अडचण येते ती ‘दऱ्या’ लिहिताना. र, हलन्त आणि य अशा सरळ क्रमाने कळा दाबल्या की बहुतेक कळफलकांवर रफारच उमटतो, आणि डोंगरातल्या दऱ्या लिहू जाणाऱ्याच्या पुढ्यात समुद्र येऊन उभा राहतो. मराठीत हा भेद अर्थाचा आहे, केवळ वळणाचा नव्हे. मोबाईलची कार्यप्रणाली मराठी वापरणाऱ्यास सुलभ झाली आहे काय, या प्रश्नाची परीक्षा अशाच ठिकाणी घ्यावी लागते.

आजवरचा प्रयत्न मुख्यत्वे शब्दांच्या पातळीवर झाला. २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत मराठीचा समावेश झाला व पडद्यावरील सूचना मराठीतून दिसू लागल्या. २०१६ च्या भारतीय मानकाने हिंदी, इंग्रजी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची आणि बावीसही भाषा वाचता येण्याची सोय मोबाईलमध्ये असावी, असे ठरविले. या गोष्टींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि लिहिता येणे आणि विनासायास लिहिता येणे यांत अंतर आहे. ते अंतर कोणत्याही मानकाच्या कलमात सहजासहजी पकडता येत नाही. रोमन लिपीत मराठी संदेश धाडणाऱ्यांना भाषाभिमानाचे उपदेश करण्यापूर्वी हे अंतर मोजलेले बरे.

मुंबई आय.आय.टी.च्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेली ‘इंडस’ ही प्रणाली २०१५ साली ‘फर्स्टटच’ या नावाने बाजारात आली. अँड्रॉइडच्याच पायावर ती रचलेली होती. बोटाच्या एका ओढीने मजकूर दुसऱ्या भाषेत किंवा लिपीत नेणे हा तिचा गाजलेला विशेष. कल्पना चतुर खरी. परंतु एका लिपीतून दुसरीत जाण्याचा पूल कितीही सुबक बांधला, तरी स्वतःच्या लिपीतील वाट त्याने सुधारत नाही.

त्या वाटेचा मुळापासून विचार केला तो त्याच संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकाने. तो २०१३ साली उपलब्ध झाला. १९८६ साली प्रमाणित झालेल्या ‘इनस्क्रिप्ट’ची मांडणी संगणकासमोर दोन हातांनी बसणाऱ्या लेखकासाठी आहे, एका अंगठ्याने लिहिणाऱ्याचा विचार तीत असणे शक्यच नव्हते. स्वरचक्रात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती त्याच्या बाराखडीचे चक्र उमलते. बोट न उचलता वेलांटीकडे सरकविले की ‘कि’ तयार. हलन्त निवडल्यास पुढे होऊ शकणारी जोडाक्षरे कळांवरच दिसू लागतात. शाळेत पहिल्या वर्षी पाठ केलेल्या गोष्टीखेरीज येथे दुसरे काहीच पाठ करावे लागत नाही. देवनागरीचे एकक अक्षर आहे, सुटी खूण नव्हे, हे तत्त्व येथे रचनेत उतरलेले आहे.

मर्यादा दिसते ती पुढे. कळफलक हा कार्यप्रणालीच्या घरातला पाहुणा असतो. ‘क्षि’ हे लेखकाच्या लेखी एक अक्षर. प्रणालीच्या साठ्यात मात्र क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार खुणा. पुसताना सामान्यतः एकेक खूण जाते, कर्सर हलविताना मात्र बहुधा अखंड अक्षर ओलांडले जाते. चुकलेली वेलांटीच तेवढी पुसता यावी, असा याचा बचाव केला जातो व तो खराही आहे. पण एकाच पडद्यावर अक्षर घडीत एक आणि घडीत चार असावे, ही विसंगती त्या बचावाने मिटत नाही. आणि ही विसंगती निदान डोळ्यांना दिसते तरी.

‘दऱ्या’ची गोष्ट याहून बिकट आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात. परंतु प्रणालीने त्यांना एक मानण्याची मुद्दाम तजवीज केली नसेल, तर शोध घेताना एक रूप दुसऱ्यास ओळखत नाही. हा दोष अनुवादकाच्या हातचा नाही, कळफलक रचणाऱ्याच्याही नाही. तो भाषेचे व्याकरण जाणणाऱ्याने दाखवावयाचा आणि प्रणाली घडविणाऱ्याने दूर करावयाचा आहे.

अशी गाठ पडण्यास जुहू हे अगदीच अस्थानी ठिकाण नव्हे. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याच्या हेतूने स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरातच आज मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थिनीने दोन मोबाईलांवरून आलेली टिपणे एकत्र करून त्यांत ‘दऱ्या’ हा शब्द शोधावयास घेतला, तर प्रथम मोजावयाचे ते हेच, की डोळ्यांना दिसणाऱ्या दऱ्या किती आणि यंत्राला सापडलेल्या किती.