स्थानपोथी आणि रोमची यात्रामार्गदर्शिका : अवशेषवर्णनाच्या दोन परंपरा

प्रस्तावना

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास लिहिताना समीक्षक सामान्यतः एकोणिसाव्या शतकापासून आरंभ करतात. त्यापूर्वीच्या स्थलवर्णनपर लेखनाची गणना तीर्थमाहात्म्यात केली जाते आणि तेथेच विषय संपतो. परिणामी जुन्या नगरातील भग्न वास्तू कशी पाहावी व तिचे वर्णन कसे करावे, याचा आदर्श आपण पाश्चात्त्य ग्रंथांत शोधतो. महानुभाव वाङ्मयातील 'स्थानपोथी' या ग्रंथाच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तुलनेसाठी बाराव्या शतकातील 'मिराबिलिया उर्बिस रोमे' म्हणजे 'रोम नगरीतील आश्चर्ये' हा लॅटिन ग्रंथ घेतला आहे.

रोम : आश्चर्यांची यादी

'मिराबिलिया' ही रोमला येणाऱ्या यात्रेकरूंची मार्गदर्शिका होय. नगराचे तट, वेशी, विजयकमानी, टेकड्या, स्नानगृहे आणि प्रासाद यांची ती क्रमवार नोंद करते. मूर्तिपूजक काळातील अवशेष आणि ख्रिस्ती चर्च तिच्यात शेजारी शेजारी येतात. सम्राट ऑगस्टस याला कुमारी मातेचे दर्शन झाले व त्या जागी पुढे आराचेली हे चर्च उभे राहिले, ही कथा याच ग्रंथाने दूरवर पोहोचविली. इतिहास म्हणून अशा कथा टिकत नाहीत. परंतु पडझड झालेल्या वास्तूला काही अर्थ आहे, हा संस्कार त्यांनी वाचकांवर केला. ग्रंथाच्या असंख्य प्रती युरोपभर गेल्या आणि रोमच्या अवशेषांचे वाचन अखंड चालू राहिले.

या वाचनात चुकाही झाल्या व दुरुस्त्याही. पँथिऑनच्या दर्शनी भागावर आग्रिप्पाचे नाव कोरलेले असल्याने ती वास्तू त्याचीच, असे दीर्घकाळ मानले गेले. विटांवरील शिक्क्यांच्या अभ्यासातून ती दुसऱ्या शतकातील, मुख्यतः हेड्रियनच्या काळातील असल्याचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. इ. स. ६०९ मध्ये तिचे चर्चमध्ये रूपांतर झाले. ती टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण होय. सान क्लेमेंते येथे बाराव्या शतकातील चर्चखाली चौथ्या शतकातील चर्च आणि त्याखाली रोमन इमारत व मिथ्र देवतेचे मंदिर आहे. १८५७ पासूनच्या उत्खननाने हे थर उघड केले. वास्तूला एकच काळ आणि एकच धनी नसतो, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

स्थानपोथी : वावराची नोंद

चक्रधरस्वामींच्या लीळा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केल्या. त्या लीळा जेथे घडल्या त्या स्थानांची नोंद 'स्थानपोथी' करते. मुनिव्यासांच्या नावे ओळखला जाणारा हा ग्रंथ चौदाव्या शतकातील मानला जातो. देवालयाचे मुख कोणत्या दिशेला, मठ कोणत्या कोनात, स्वामींचे आसन कोठे, वसती कोठे, हे तो अत्यंत त्रोटक वाक्यांत सांगतो. चमत्कारांचे वर्णन नाही, फलश्रुती नाही, अलंकार नाहीत. तीर्थमाहात्म्यापासून हा ग्रंथ वेगळा ठरतो तो येथेच. माहात्म्य स्थळाची थोरवी गाते. स्थानपोथी स्थळाचा पत्ता देते.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने या परंपरेला विशेष महत्त्व आहे. लोणार आणि मेहकर ही दोन्ही गावे चक्रधरांच्या भ्रमणाशी निगडित आहेत. यादव राजा कान्हरदेव आणि चक्रधर यांची भेट लीळाचरित्रात लोणारशी जोडलेली आहे. एवढेच नव्हे, तर लीळाचरित्र आणि स्थानपोथी यांचे संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलते यांचा जन्म (१९०८) याच जिल्ह्यातील नरवेल येथे झाला.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मंदिर कोणी बांधले, त्यावरील शिल्पे कोणती, याविषयी त्याला कुतूहल नाही. स्वामींचा स्पर्श न झालेली वास्तू त्याच्या दृष्टिक्षेपात येत नाही. शिवाय सांकेतिक लिपीमुळे पंथाचे बरेच वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना अगम्य राहिले. 'मिराबिलिया'ला जो वाचकवर्ग लाभला, तो स्थानपोथीला लाभला नाही.

'हेमाडपंती' या शब्दाची अडचण

ही पोकळी आपल्याकडे एका शब्दाने भरून काढली : हेमाडपंती. लोणारचे दैत्यसूदन मंदिर असो वा एखाद्या खेड्यातील पडके शिवालय असो, हा शब्द उच्चारला की वर्णन पूर्ण झाले असे मानण्यात येते. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेख मात्र शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तरीही तेही हेमाडपंतीच म्हटले जाते. पँथिऑनवरील आग्रिप्पाच्या नावासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की तेथे नाव तपासले गेले, येथे ते पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. महानुभाव परंपरा ज्या हेमाद्रीला चक्रधरांच्या विरोधकांत गणते, त्याच्याच नावाने चक्रधरांच्या वावराची देवळे ओळखली जावीत, यातील विसंगतीही लक्षणीय आहे.

लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. उल्काघाताने बसाल्ट खडकात निर्माण झालेले हे विवर जगभरच्या वैज्ञानिकांना आकर्षित करते, हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे काठावरील देवळे केवळ छायाचित्राची पार्श्वभूमी होऊन बसली आहेत. खाऱ्या पाण्याचे सूक्ष्मजीवशास्त्र आणि तेराव्या शतकातील मराठी गद्य यांचा अभ्यास एकाच काठावर होऊ शकतो, ही बहुविद्याशाखीय संधी आपण दुर्लक्षित केली आहे.

निष्कर्ष

'मिराबिलिया' वास्तूला कथा देते, तर स्थानपोथी तिला दिशा आणि माणसाचा वावर देते. पहिलीत कल्पनाविलास अधिक, दुसरीत कुतूहलाचा संकोच अधिक. तथापि वर्णनातील काटेकोरपणा हा निकष मानल्यास मराठी ग्रंथ कोणत्याही अर्थाने उणा नाही. प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात त्याला स्थान मिळणे आवश्यक आहे. मराठी, इतिहास आणि भूगोल विभागांनी एकत्रितपणे पोथीतील दिशा आणि आजची वास्तू यांचा गावोगाव मेळ घालून पाहावा. जेथे मेळ बसेल तेथे सात शतकांचे सातत्य सिद्ध होईल. जेथे बसणार नाही तेथे काय नाहीसे झाले हे तरी कळेल. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने दगड बदलले जाण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे. कारण त्यानंतर पोथी उरेल, पण ती ज्याचा पत्ता सांगते ते स्थान उरणार नाही.