प्रतिनिधित्व कोणाचे? ‘एक राज्य, एक मत’ ह्या तत्त्वाची समीक्षा

क्रीडासंस्थांच्या घटनांकडे राज्यशास्त्राचा अभ्यासक सहसा वळत नाही. सामने, विक्रम आणि खेळाडू ह्यांचेच वाङ्मय एवढे विपुल आहे की, त्या सामन्यांची व्यवस्था कोण ठरवितो, हा प्रश्न मागे पडतो. तथापि प्रतिनिधित्वाच्या कल्पनेची जितकी कसून परीक्षा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या घटनेवरील वादात झाली, तितकी ती अलीकडच्या काळात क्वचितच अन्यत्र झाली असेल. न्यायमूर्ती लोढा समितीने 4 जानेवारी 2016 रोजी सादर केलेला अहवाल, त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा 18 जुलै 2016 चा निर्णय आणि 9 ऑगस्ट 2018 चा सुधारित निर्णय हे तीन लेख एकापुढे एक ठेवून वाचले असता असे दिसते की, मतांची वाटणी कशी करावी ह्याविषयी त्यांत तीव्र मतभेद आहेत. परंतु मत कोणाचे, ह्या प्रश्नाची त्या वाटणीशी सांगड कोठेच घातलेली नाही. प्रस्तुत समीक्षेचा रोख ह्या उणिवेवर आहे.

वादाचे मूळ प्रथम सांगितले पाहिजे. मंडळाच्या पूर्ण सदस्यांपैकी तीन संस्था एकट्या महाराष्ट्रात होत्या: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातमध्येही तीनच: गुजरात, बडोदे आणि सौराष्ट्र. उलट ईशान्येकडील बहुतेक राज्यांना मतच नव्हते. बिहारसारख्या मोठ्या राज्याचीही तीच स्थिती होती. ह्याखेरीज रेल्वे, सैन्यदले व विद्यापीठे ह्यांच्या संस्था आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडियासारखे क्लब ह्यांना भूभाग नसूनही मत होते. समितीने सुचविलेला उपाय एका ओळीत मावणारा होता. प्रत्येक राज्याची एकच संस्था पूर्ण सदस्य असावी आणि तिला एकच मत असावे. 2016 च्या निर्णयाने हे तत्त्व उचलून धरले, आणि महाराष्ट्र व गुजरात ह्यांतील तिन्ही संस्थांनी मताचा अधिकार वर्षावर्षाने आळीपाळीने भोगावा अशी तोड काढली. 2018 च्या निर्णयाने ही तोड रद्द करून सहाही संस्थांना पूर्ण सदस्यत्व परत दिले.

दोन्ही राज्यांचा हा प्रश्न त्यांच्या सीमेवर उभे राहून पाहण्यात एक सोय आहे. तलासरी तालुक्यातील झरी हे वारली वस्तीचे गाव गुजरातच्या सीमेपासून फार दूर नाही. 1 मे 1960 रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील बरीच गावे गुजरातेत गेली आणि तलासरीचा भाग महाराष्ट्रात राहिला. पुढे 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे एका आयुष्यात ह्या परिसराचे राज्य बदलले आणि जिल्हाही बदलला. क्रिकेटचा नकाशा मात्र राज्यांच्या नकाशाहून जुना आहे. त्यात गायकवाडांचे बडोदे आहे, काठेवाडची संस्थाने आहेत, मध्यप्रांत-वऱ्हाडाची आठवण आहे. 1948 साली पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या आणि काठेवाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांनी राहिला. त्या सामन्यातील दोन्ही पक्ष आजच्या त्या सहा संस्थांचेच पूर्वज होत. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते आणि गुजरात राज्यही नव्हते. राज्य हे एकक अशा प्रकारे उशिरा आलेले असताना तेच मताचे नैसर्गिक माप होय, असे समितीने गृहीत धरले. त्यासाठी दिलेले समर्थन पुरेसे नाही.

शिवाय राज्यांची समता ही माणसांची समता नव्हे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 11.24 कोटी, उत्तर प्रदेशाची सुमारे 19.98 कोटी आणि सिक्कीमची सहा लाखांच्या थोडी वर. एक राज्य, एक मत म्हटले की ह्या तिघांचे वजन एकच होते. आणि 2018 नंतरची व्यवस्था घेतली तर सुमारे सहा कोटींच्या गुजरातला तीन मते, उत्तर प्रदेशाला एक. दोन्ही हिशेबांत न्याय शोधावयाचा तर तो आकड्यांत सापडणार नाही.

2018 च्या निर्णयाचा युक्तिवाद अधिक आकर्षक आहे आणि म्हणूनच अधिक सावधपणे तपासला पाहिजे. केवळ भूभागाच्या आधारे सदस्यत्व नाकारणे म्हणजे ह्या संस्थांचा इतिहास आणि खेळाच्या वाढीस त्यांनी लावलेला हातभार ह्यांकडे दुर्लक्ष करणे होय, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईने रणजी करंडक 42 वेळा जिंकला आहे. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 असा लागोपाठ दोनदा मिळविला व 2024-25 मध्ये पुन्हा. अशा संस्थांना आळीपाळीच्या रांगेत उभे करणे विचित्र होते, ह्यात शंका नाही. निर्णयाचा शेवट बरोबर आहे. कारण मात्र धोक्याचे आहे. इतिहास आणि योगदान हे माप जे आधी आले त्यांच्याच बाजूने झुकते, आणि हे माप किती काळ झुकलेले राहू शकते ह्याचा स्वच्छ पुरावा आंतरराष्ट्रीय रग्बीच्या कारभारात मिळतो.

रग्बीचे आंतरराष्ट्रीय मंडळ 1886 साली स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स ह्यांनी स्थापिले. इंग्लंड 1890 मध्ये आत आले ते सहा जागा घेऊन. बाकीच्या तिघांना प्रत्येकी दोन. ‘आमच्याकडे संघ अधिक, आमचा खेळ जुना’ ह्या भूमिकेचे ते फळ. 1911 मध्ये इंग्लंडच्या जागा चार झाल्या. 1948 मध्ये त्या दोनवर आल्या, आणि तेव्हा कोठे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका ह्यांना प्रत्येकी एक जागा मिळाली. दुसरी जागा मिळावयास 1958 उजाडले. न्यूझीलंडचा संघ 1905 सालीच ब्रिटिश बेटांचा जवळजवळ अजिंक्य दौरा करून गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे योगदानाच्या मापाचा अर्थ कळतो. फ्रान्सला 1978 पर्यंत थांबावे लागले. फिजीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सात खेळाडूंच्या रग्बीचे पहिले सुवर्णपदक फिजीने जिंकले, परंतु त्या वेळी जागतिक परिषदेत फिजीचा स्वतःचा सदस्य नव्हता. तो 2018 मध्ये आला, सामोआबरोबर.

अलीकडच्या सुधारणांनंतरही तोल फारसा बदललेला नाही. 2020 साली अध्यक्षपदासाठी बिल बोमाँट आणि अर्जेंटिनाचे आगुस्तिन पिचोट ह्यांच्यात निवडणूक झाली. एकूण मते 51. त्यांपैकी 30 मते दहा देशसंघांच्या हाती होती, प्रत्येकी तीन. जपानला दोन, कॅनडा, अमेरिका, जॉर्जिया, रुमानिया, उरुग्वे, फिजी व सामोआ ह्यांना एकेक. आणि उरलेल्या साऱ्या जगाची सहा प्रादेशिक मंडळे, त्यांना प्रत्येकी दोन. बोमाँट 28 विरुद्ध 23 मतांनी निवडून आले. भारतीय रग्बीचा आवाज आशियाच्या त्या दोन मतांत कोठेतरी मिसळलेला असतो; आशियाई मंडळात तीसहून अधिक संघ आहेत. येथे एक जुनी वस्तू आठवल्यावाचून राहत नाही. 1873 साली स्थापन झालेला कलकत्त्याचा फुटबॉल क्लब काही वर्षांतच मोडला, तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला आणि तो 1878 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघास देण्यात आला. नागाच्या कान्यांचा, झाकणावर हत्ती असलेला तो चषक इंग्लंड व स्कॉटलंड अद्याप लढवितात. हिंदुस्थानच्या रुपयांना तेथे मानाचे स्थान मिळाले; योगदान म्हणून ते कोणी मोजले नाही.

अर्थात कलकत्त्याचा तो क्लब गोऱ्यांचा होता, आणि त्याला जागा मिळती तरी ती हिंदुस्थानी खेळाडूची ठरली नसती. ह्याच ठिकाणी मूळ प्रश्न उपस्थित होतो. भूभागाचे माप घ्या अथवा इतिहासाचे, दोन्हींत मोजला जातो तो संघ, मंडळ, जिमखाना. त्या घटकाच्या आत कोण आहे, हे मोजणीत येत नाही. मुंबईच्या क्रिकेटला हा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच आला आहे. त्या काळी प्रतिनिधित्वाचे एकक धर्म हे होते. युरोपियन, पारशी, हिंदू, 1912 पासून मुसलमान, आणि 1937 पासून उरलेल्या सर्वांचा ‘इतर’ नावाचा संघ. प्रत्येक समाजास एक संघ, ही वाटणी समतेचीच होती. पण हिंदू संघातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज बाळू पालवणकर हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील. पुण्याच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा नोकर म्हणून त्यांची सुरुवात झाली. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यातून मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना देण्यास निवड समितीचे मन होईना. 1920 साली त्यांना वगळून म. द. पै ह्यांना कर्णधार करण्यात आले, तेव्हा बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम ह्यांनी संघातून माघार घेतली. गदारोळ झाला, तडजोड झाली, बाळू उपकर्णधार म्हणून परत आले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

ह्या प्रकरणात चौरंगी सामन्यांच्या व्यवस्थेने हिंदूंवर अन्याय केला असे म्हणता येत नाही. हिंदूंना त्यांची जागा होती. अन्याय जागा मिळाल्यानंतर, जागेच्या आत झाला. लोढा समितीचे तत्त्व त्या व्यवस्थेला लावले असते तर ‘एक समाज, एक संघ’ म्हणून ती उत्तीर्ण झाली असती. आणि 2018 चे तत्त्व लावले असते तर जिमखान्याचा इतिहास व योगदान ह्यांचा गौरव झाला असता. बाळूंचा प्रश्न दोन्ही वेळी सुटला नसता.

झरीचा उल्लेख वर केवळ भूगोलासाठी केला, पण प्रतिनिधित्वाच्या इतिहासात ह्या गावाला स्वतःचे स्थान आहे. 7 जानेवारी 1945 रोजी टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेस उंबरगाव तालुक्यातील मोजके वारली गेले होते, आणि त्यांपैकी माह्या धांगडा ह्यांनी तेथे आपल्या लोकांची वेठबिगार स्वतःच्या तोंडाने सांगितली. त्याच वर्षी 23 मे रोजी झरी येथे सुमारे 5,000 वारली जमले आणि वेठ करावयाची नाही, बारा आणे रोख मजुरीवाचून जमीनदाराच्या शेतावर जावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. श्यामराव व गोदावरी परुळेकर हे त्या लढ्याचे नेते, आणि ते बाहेरून आलेले होते. गोदावरीबाईंच्या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथाचे नावच सांगते की, जागे होणारा माणूस वारली आहे, त्याला जागे करणारा हा ग्रंथाचा नायक नव्हे. झरीच्या सभेत निर्णय घेणारे आणि निर्णयाचे फळ भोगणारे एकच होते. अशी सभा जागतिक परिषदेस शक्य नाही, मुंबईच्या क्रिकेट संस्थेसही नाही. परंतु सभेऐवजी प्रतिनिधी आला की त्याने कोणाच्या वतीने हात वर केला, हे विचारण्याचा हक्क सभेबरोबर संपत नाही.

मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अधिकारक्षेत्र लोहमार्गाच्या भाषेत सांगण्याची रीत आहे: पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून डहाणूपर्यंत, मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत. स्थानकांच्या नावांनी आखलेला हा मुलूख विस्तीर्ण आहे. संस्थेचे मतदार मात्र तीनशेहून अधिक क्लब, म्हणजे मैदानांवरचे क्लब, कार्यालयांचे क्लब, शाळा-महाविद्यालये. आणि ही सारी परंपरा मुख्यतः शहराच्या मैदानांवर वाढलेली. ती परंपरा थोर आहे, ह्याविषयी वाद नाही. पण 2018 मध्ये जे मत मुंबईला परत मिळाले ते डहाणूच्या आणि त्यापलीकडील वाड्या-पाड्यांच्या वतीनेही पडते काय, हे त्या मताच्या अस्तित्वावरून ठरत नाही. 2018-19 च्या रणजी स्पर्धेत नऊ नवे संघ उतरले. मणिपूर, मिझोरम, नागालँड ह्यांना ह्या सुधारणांनी खरोखरच दार उघडले, आणि समितीच्या पदरी ते पुण्य टाकलेच पाहिजे. डहाणू-तलासरीच्या मुलाला मात्र तसे वेगळे दार नाही. तो आधीपासून कागदोपत्री आतच आहे.

मताच्या आतील भागाकडे पाहणारी एक सुधारणा ज्या रग्बी परिषदेवर वर टीका केली तिनेच केली आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. 2017 पर्यंत तेथे अकरा देशसंघ आणि सहा प्रादेशिक मंडळे ह्यांच्या मतांची संख्या त्यांच्या सदस्यांहून अधिक होती. ह्या सतराही घटकांनी एकेक जादा सदस्य पाठवावा, आणि तो सदस्य स्त्री असावी, असे त्या वर्षी ठरले. मतांचे वजन तेच राहिले. मत टाकणाऱ्यांत कोण असावे ह्यावर अट आली. एकाहून अधिक मते भोगणाऱ्या राज्यासही अशी अट घालता येण्याजोगी होती: मुंबईचे मत कायम ठेवावे, परंतु ज्या मतदारवर्गाकडून ते ठरते त्यात चर्चगेटप्रमाणे डहाणूकडील टोकासही जागा असावी, आणि तसेच पुण्याच्या, नागपूरच्या, बडोद्याच्या, राजकोटच्या मतांविषयी. महाराष्ट्राला एक मत की तीन, हा वाद 2016 ते 2018 अशी अडीच वर्षे न्यायालयात चालला. ह्या दुसऱ्या प्रश्नाने मतांच्या त्या वाटणीत प्रवेश केला नाही.