थांबलेली तार, धावते वर्णन

रेडिओवरून सांगितल्या जाणाऱ्या सामन्याच्या हकिगतीला आपण ‘धावते वर्णन’ म्हणतो. खेळाडू धावतात आणि शब्द त्यांच्या मागोमाग धावतात, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु ज्या निवेदकाच्या डोळ्यांपुढे मैदानच नाही, त्याच्या वर्णनाला काय म्हणावे? ते बातमीत जमा करायचे की कथेत? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मिसिसिपीच्या काठी, डॅव्हनपोर्ट नावाचे एक लहान शहर आहे. पाठीचे मणके दाबून रोग बरे करण्याची ‘कायरोप्रॅक्टिक’ विद्या शिकवणारे बी. जे. पामर यांनी तेथे १९२२ साली, आपल्या विद्यालयाच्या वरच्या मजल्यावर, डब्ल्यू. ओ. सी. हे रेडिओ केंद्र चालवायला घेतले. त्या तीन अक्षरांचा अर्थ लोक ‘वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक’ असा लावीत! या केंद्रात १९३२ साली एकवीस वर्षांचा एक बेकार पदवीधर नोकरी मागायला आला. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. केंद्राचे मॅकआर्थर नावाचे स्कॉटिश अधिकारी त्याला म्हणाले की, एखाद्या फुटबॉलच्या सामन्याचे असे वर्णन कर की तो मला दिसला पाहिजे. रेगनने आपल्याच कॉलेजचा एक सामना निवडला. त्यात विजयी धावेच्या वेळी प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचे काम त्याच्याकडे होते आणि ते त्याला साधले नव्हते. रिकाम्या खोलीतल्या वर्णनात मात्र ते त्याने अचूक साधले. नोकरी मिळाली.

पुढे १९३३ मध्ये तो पामरांच्याच डे मॉइन येथील डब्ल्यू. एच. ओ. केंद्रावर गेला. शिकागोच्या कब्ज संघाचे बेसबॉलचे सामने तो तेथून सांगे आणि मैदान तर तीनशेहून अधिक मैल दूर! काचेपलीकडे तारवाला बसे. तारेवर आलेला संकेत तो टंकून चिठ्ठी पुढे सरकवी. चिठ्ठीवर ‘एस २ सी’ एवढेच असायचे, म्हणजे पंचांनी दिलेला दुसरा स्ट्राइक. त्या तीन चिन्हांमधून चेंडू आतल्या कोपऱ्यावरून वळायचा, यष्टीरक्षकासारखा मागे बसलेला कॅचर तो परत फेकायचा, पिचर टोपी सारखी करायचा. आपला कीर्तनकार एका ओवीवर तासभर आख्यान रंगवतो, त्याच जातीची ही करामत आहे. फरक एवढाच की कीर्तनातले श्रोते त्या रंगवण्यात सामील असतात. बुवांनी रावणाचा दरबार पाहिलेला नाही हे त्यांना ठाऊक असते.

म्हणूनच तार तुटल्याचा तो प्रसंग समीक्षकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. डिझी डीन चेंडू टाकतो आहे, असे रेगन सांगून बसला आणि तारवाल्याने चिठ्ठी दिली : तार बंद. तोच सामना दुसरीही अनेक केंद्रे सांगत होती, त्यामुळे गप्प बसणे म्हणजे श्रोते घालवणे. मग त्याने फाउल मारायला सुरुवात केली. एक फाउल डावीकडे, एक मागे. लाल केसांच्या एका पोराने गर्दीत चेंडू पटकावला. एक तर थोडक्यात होमरन व्हायचा राहिला. त्याच्या सांगण्यानुसार हे पावणेसात मिनिटे चालले.

फाउलच का? बेसबॉलमध्ये दोन स्ट्राइक झाल्यावर साधा फाउल गेला तर हिशेब पुढे सरकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापल्या जाणाऱ्या धावफलकात तो दिसतही नाही. खेळाच्या नियमांनीच एक अशी जागा मोकळी ठेवली आहे की जेथे कितीही घडू शकते आणि काहीच बदलत नाही. रेगनची कल्पना त्या जागेबाहेर गेली नाही. तिला मी कलावंताचा संयम म्हणेन. नोकरीसाठी सांगितलेल्या सामन्यात तो नव्हता. तेथे घडलेली गोष्टच पुसली गेली, आणि तीही स्वतःच्या फायद्यासाठी. दोन्ही कल्पितेच, पण पहिले मला हातचलाखी वाटते, दुसरे रचना.

तरीही श्रोत्याचे काय, हा प्रश्न उरतोच. आयोवाच्या शेतावर रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाने त्या लाल केसांच्या पोराचा हेवा केला असेल. १९३८ साली सिडनीतल्या स्टुडिओतून इंग्लंडमधले कसोटी सामने असेच सांगितले गेले. लाकडावर पेन्सिल आपटून बॅटचा आवाज काढत, टाळ्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. त्या कारागिरीचे मला कौतुक आहे, पण माझा कौल ब्रुकलिनच्या रेड बार्बर यांना आहे. परगावचे सामने तेही तारेवरूनच सांगत. मात्र तारयंत्राची टकटक ते मुद्दाम ऐकू येऊ देत. त्या टकटकीमुळे श्रोता बुवांपुढच्या श्रोत्याइतकाच जाणता होतो आणि रस तर तिळभरही कमी होत नाही. रेगनपाशी हा रस भरपूर होता, टकटक नव्हती.

१९३७ मध्ये कब्ज संघाच्या सरावासाठी तो कॅलिफोर्नियाला गेला, तेथे चित्रपटाची चाचणी देऊन नट झाला आणि १९८१ साली राष्ट्राध्यक्ष. फाउलची गोष्ट तो सर्वत्र सांगत राहिला. १९६५ च्या आत्मकथनात बॅट घेऊन उभा आहे ऑगी गॅलन. पुढच्या कथनांत तेथे बिली जर्जेस येतो. तार पुन्हा सुरू झाल्यावर आलेली चिठ्ठी मात्र दोन्हीकडे एकच आहे : पहिल्याच चेंडूवर झेल देऊन बाद.